खाल्ले : एक

धुक्यात न दिसलेला गोल मी वहीत लिहिला. नुसता लिहिला नाही. शाईने लिहिला, खाली रेघ मारली आणि पंचाची सही घेतली. त्या एका आकड्यापायी एका माणसाची पक्की होऊ घातलेली नोकरी गेली. आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण बाकीचा सगळा माझ्याच अंगाशी आला. हा तेवढा दुसऱ्याला जाऊन लागला.

आठवण निघायला कारण धुकंच. श्रावण लागला की लोणावळ्यातले ढग आभाळात राहत नाहीत, खाली राहायला येतात. खिडकी उघडी दिसली की एखादा घरात शिरतो, दोरीवरचे जेमतेम सुकत आलेले कपडे पुन्हा ओले करतो आणि मागच्या दाराने निघून जातो. परवा सकाळी असाच एक शिरला आणि त्याच्या पाठोपाठ क्लबाचे नवे चिटणीस शिरले. शाळेत मास्तर आहेत. फार नीटनेटके गृहस्थ; ओली छत्रीसुद्धा अशी उभी करून ठेवतात की पाणी एकाच फरशीवर गळावं. म्हणाले, "अण्णा, लढाईही संपली, क्लबालाही आता पुष्कळ वर्षं झाली. छोटासा इतिहास छापावा म्हणतो. जुनं दप्तर तुमच्याकडेच आहे ना?"

दप्तर या शब्दाने मला एकदम भारदस्त वाटलं. फडताळातून दप्तर काढलं. पहिली वही वाळवीने वाचून संपवली होती. दुसरी मी एका पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली ठेवली होती. तिची निळी खळ झाली आहे. तिच्यात आमचे सगळ्यांत चांगले तीन हंगाम बुडाले. आणि तिसरी, वाफेच्या इंजिनांच्या अखेरच्या दिवसांतली, अगदी धडधाकट. एक पान सुटलेलं नाही, एक अक्षर फुटलेलं नाही. वाळवीला सगळी वर्षं मोकळी होती, तिने नेमकी हीच वही का सोडावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

मास्तरांना मी वही दिली खरी, पण ते शेवटचं पान उलटतील तेव्हा आपण इथे नसावं म्हणून चहा सांगायला आत गेलो.

आमचा क्लब पगारी होता. सबंध मावळात तेवढाच. गावातल्या हौशी मंडळींचा दुसरा एक क्लब होता, त्यात वकील, दुकानदार, एक वैद्य असे लोक. ते आम्हाला 'पगारी' म्हणत आणि म्हणताना नाक असं करत की जणू आम्ही चेंडू मारत नसून चेंडू चोरत होतो. खरं तर चेंडू मारायचा पगार कोणालाच नव्हता. पगार इंजिनशेडात कोळसा ओढायचा, राख काढायचा, बॉयलर धुवायचा. फक्त कोळसा ओढायला माणूस ठेवताना आमचे फोरमनसाहेब त्याच्या दंडाकडे न बघता पोटरीकडे बघत, एवढंच. ज्याची पोटरी पसंत पडे तो 'बदली' म्हणून हजेरीपटावर चढे. बदली म्हणजे आज आहे, उद्या नाही. चांगला खेळला तर पुढे 'पक्का'. पक्का झाला की खोली, पास, म्हातारपणाची सोय. तेव्हा आमच्याकडे कोणी मौजेने खेळत नसे. उजव्या बगलेने पळणारा आमचा गडी जीव तोडून पळे, कारण त्याच्या पुढे चेंडू नसे, रेल्वेची दोन खोल्यांची चाळ असे.

मी शेडात हजेरीचा कारकून. माझी पोटरी कोणी पाहिली नाही, अक्षर पाहिलं, आणि मला क्लबाचा चिटणीस केलं.

हंगाम पावसाळ्याचा. चिखलात पडलं तर लागत नाही, हे त्यामागचं शास्त्र. पण ते मुंबईच्या पावसावरून ठरवलेलं असणार. आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो आडवा चालतो. मैदानाच्या कडांना चुन्याच्या रेघा ओढाव्यात तर पंच शिट्टी काढीपर्यंत त्या ओढ्याला लागलेल्या. मग आम्ही शेडातला विझलेला कोळसा आणून काळ्या रेघा ओढू लागलो. खेळ संपेपर्यंत त्या रेघा मैदानावरून खेळणाऱ्यांच्या अंगावर आलेल्या असत. गोलाचे खांब म्हणजे रुळाचे जुने तुकडे, आणि वर आडवा बांबू. जाळी एकदा आणली होती; ती एका पावसात कुजली आणि पुन्हा कोणी तिचं नाव काढलं नाही. चेंडूला आदल्या दिवशी चरबी चोळायची. ती पाणी आत जाऊ देत नाही असा समज होता. चेंडू पहिल्या पंधरा मिनिटांत पाणी पिऊन कलिंगडाएवढा जड होई आणि त्याला चरबीचा, चामड्याचा आणि ओल्या कुत्र्याचा एकत्र वास येई. अजून कुठे ओलं चामडं शेगडीपाशी वाळत असलं की माझ्या कानात शिट्टी वाजते.

आणि मग धुकं. तीनच्या सुमाराला ते दरीकडून उठे आणि आधी पलीकडचा गोल गिळे, मग पलीकडचे खेळाडू, मग पंच. कडेला, मधल्या रेघेच्या टोकाशी इरलं पांघरून उभ्या असलेल्या मला फक्त आवाज उरत. त्यावरच मी माझी विद्या उभी केली होती. 'टण्ण' म्हणजे चेंडू रुळाला लागला. 'थप्प' म्हणजे गोलीने धरला. 'सर्र' म्हणजे गवतातून बाहेर गेला. आणि माणसं 'गोल' ओरडली की गोल. डोळे मिटून मी सामन्याची नोंद करू शकतो, असं मी शेडात चारचौघांत सांगत असे. आमची बायको ते ऐकून एकदा म्हणाली होती की उघड्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी तरी कुठे बरोबर येतात. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एका सामन्यात मी आमच्या बाजूने बारा गडी खेळवले आहेत. एका सामन्याखाली मागच्या वर्षीचं साल आहे. आणि आमच्या गोलीचं नाव अर्धा हंगाम मी 'धनाजी' असं लिहिलं. या चुका शेडात सगळ्यांना पाठ होत्या.

त्याचं नाव धावजी. राजमाचीच्या वाटेवर उजव्या अंगाला वर एक वाडी आहे, तिथला. नावात धाव, आणि काम एका जागी उभं राहायचं. तो शेडात आला तेव्हा त्याने चेंडू पाहिलेलाही नव्हता. एके दिवशी दुपारी कोणीतरी मारलेला चेंडू राखेच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या धावजीकडे गेला, आणि त्याने तो, हातातली पाटी न सांडता, एका हाताने झेलून हलकेच वाकून पायाशी ठेवला. फोरमनसाहेबांनी त्याला पुन्हा मारून बघितला. पुन्हा तेच. झेलायचं आणि वाकून ठेवायचं. पुढे कळलं, वाडीवर भाताची आवणी होते तेव्हा रोपांच्या मुठी बांधावरून खाचरात भिरकावतात आणि आतला माणूस त्या झेलून चिखलात ठेवत जातो. हा लहानपणापासून तेच करत आलेला. त्याला चेंडू म्हणजे जरा मोठी मूठ. आणि धुक्याचं तर त्याला काहीच नव्हतं. वाडीवर वर्षातले चार महिने ते घरातच असतं.

त्या हंगामात धावजी गोलात उभा राहिला आणि गोल व्हायचे थांबले. माझ्या वहीत दर सामन्याला दोन रकाने असत. 'दिले' आणि 'खाल्ले'. गोल देतो आणि गोल खातो असं आम्ही म्हणत असू, म्हणून तसेच मथळे. सहा सामने झाले तरी 'खाल्ले'खाली शून्यावर शून्य. शेडात चेष्टा सुरू झाली की पगारी टीमचा गोली यंदा उपाशी. धावजी चेष्टा ऐकून खाली बघून हसे. फोरमनसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, आणि मला साक्षीला उभं करून सांगितलं, की शेवटचा सामना असाच गेला, किताब, म्हणजे माझी वही, कोरी राहिली, तर दसऱ्याच्या पक्क्या यादीत पहिलं नाव तुझं. त्या संध्याकाळी धावजी मला हजेरीच्या खिडकीशी येऊन एवढंच विचारून गेला की पक्क्या मानसाला बायको-पोरं हितं आनता येत्यात का. मी म्हटलं, येतात. माझ्या आवाजात तेव्हा अशी ऐट होती की जणू खोली मीच बांधून देणार होतो.

शेवटचा सामना घाटाखालच्या शेडाशी. ती मंडळी सकाळच्या गाडीने वर आली, वर येताच थंडीने काकडली, आणि आमच्या मंजुळामावशीकडची गुडदाणी खाऊन दात अडकवून बसली. मंजुळामावशी मैदानाच्या ओढ्याकडच्या कडेला जांभळीखाली पाटी घेऊन बसे. आम्ही तीन गोल दिले. शेवटच्या पंधरा मिनिटांत धावजी ओढ्याकडच्या गोलात होता. बाजाराला खाली आलेली त्याच्या वाडीची दहाबारा माणसं इरली घेऊन त्याच्या मागे उभी. धुकं असं की मला माझी दौत दिसेना.

आणि एकदम तिकडून ओरडा झाला. "गोल, गोल." पाठोपाठ शिट्टी. मी वही मेणकापडातून काढली आणि 'खाल्ले'खाली एक लिहिला. 

आता यात काय काय चुकलं ते ऐका. शिट्टी पंचाची नव्हती, शेडात पाणी घेत असलेल्या इंजिनाची होती. गोल झाला की चेंडू मध्यावर आणून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. मधल्या रेघेशी उभा मीच होतो. चेंडू आला नाही. पण मी त्या वेळी इरल्यात डोकं घालून वहीवर पडलेला थेंब टिपत होतो. सामना संपला, आम्ही जिंकलो, पोरांनी आरोळ्या दिल्या. पंच पुण्याचे, एका शाळेतले कवाईत मास्तर. त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती. त्यांनी टोपी दातात धरून, आकड्याकडे न बघता, मी बोट ठेवलं तिथे सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मी मंजुळामावशीपाशी हळहळलो, की बिचाऱ्या धावजीने अगदी शेवटी एक खाल्ला. मावशी पाटीवरच्या माश्या वारत होती, ती थांबली. म्हणाली, "कसला गोल? मी तितंच हुते की. चेंडू धप्पदिशी वड्यात पडला, आन मानसं वरडली, ग्येला ग्येला."

ग्येला, ग्येला.

लोकहो, एकदा धुक्यात तोंडाने म्हणून बघा. लांबून, वाऱ्यात, ओढ्याच्या आवाजात. मी त्या रविवारी घरी बसून पंचवीस वेळा म्हणून बघितलं. बायकोने विचारलं, कोण गेला?

मग मी सुधारायला निघालो. माझ्या चुका बऱ्या असतात. सुधारणा फार महाग पडतात. पहिल्यांदा फोरमनसाहेबांकडे. साहेबांनी वही उघडली, एक बघितला, सही बघितली आणि म्हणाले, "किताबमें एक लिखा, तो एक हुआ." मी म्हटलं, साहेब, लिहिला मीच. ते म्हणाले, म्हणूनच. शेडाचा नियम होता, वहीत लागलेला आकडा खोडायचा नाही. खोडायचाच तर ज्याची सही त्याने खोडायचा. या नियमाची मला इतकी चीड यायचं कारण, तो शेडात सगळ्यांत कडकपणे मीच पाळत आलो होतो. उशिराची खूण पुसून द्या म्हणून कोणी खिडकीशी आला की मी चष्म्यावरून बघून म्हणत असे, "वहीत लागलं ते लागलं." धावजीलाही एकदा म्हटलं होतं.

तेव्हा पुण्याला गेलो. पंचांचं घर शोधलं. त्यांनी वही उजेडात नेली, आपली सही आडवी-उभी पाहिली आणि म्हणाले, "सही माझीच. आणि मी चुकीच्या कागदावर सही करत नाही. त्या अर्थी गोल झालाच असणार." मी विचारलं, पण तुम्हाला गोल दिसला का? ते म्हणाले, त्या धुक्यात तुम्हीसुद्धा दिसत नव्हतात, म्हणून काय तुम्ही नव्हता? मी वही पुन्हा मेणकापडात गुंडाळली.

मग चेंडू. ओढ्यात गेलेला चेंडू आम्हाला सापडला नव्हता, नवा घेऊन खेळ पुरा केला होता. तो ओढा पुढे इंद्रायणीला मिळतो, आणि दोन आठवड्यांनी तळेगावकडच्या एका फिटरने बातमी आणली की वराळ्याला नदीकाठी कोणा शेतकऱ्याला चामड्याचा चेंडू मिळाला आहे. चेंडू ओढ्यात मिळाला म्हणजे गोल नाही, असं मी मनाशी धरलं. तळेगावला उतरून चिखलातून वराळ्यापर्यंत चालत गेलो. चेंडू आमचाच. त्या भल्या माणसाने तो गोठ्याच्या दारावर टांगला होता. म्हणाला, तो टांगल्यापासून म्हशीला दिष्ट लागली नाही, तो काढला तर म्हशीचं तुमी बगनार का. तासभर म्हशीची खुशाली विचारल्यावर चेंडू मिळाला. तो काखेत मारून मी विजयी वीरासारखा साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी चेंडू हातात घेतला, एक टप्पा मारून बघितला. त्यात हवा नव्हती. मग शांतपणे विचारलं की आपल्या गोलाला जाळी आहे का. नाही. मग खांबांच्या मधून गेलेला चेंडू कुठे जाईल? ओढ्यात. आणि बाहेरून गेलेला? ओढ्यात. मी चेंडू तिथेच टेबलावर ठेवून बाहेर आलो.

दसऱ्याची यादी लागली. धावजीचं नाव तिच्यात नव्हतं.

तो मला काहीच बोलला नाही. हेच मला जास्त लागलं. खिडकीशी येई, हजेरी लावी, आणि मान खाली घालून जाई. पूर्वी 'राम राम चिटनीस' म्हणायचा तेही जवळजवळ बंद झालं. एवढं नुकसान करून घेऊनही हा माणूस तोंडातून ब्र काढत नाही, या विचाराने मी आतल्या आत शिजत राहिलो. प्रायश्चित्त म्हणून मी एक गोष्ट सुरू केली. वाडीवरून उतरायला त्याला हमखास उशीर होई; मी त्याची हजेरी वेळेवर लावू लागलो. म्हणजे एक खोटा आकडा झाकायला मी वर्षभर खोटे आकडे लिहिले, आणि त्यांत मला फार उदात्त वाटे.

पुढे घाटात विजेच्या गाड्या आल्या. वाफेची इंजिनं एकेक करून गेली. शेडाचा काळा धूर गेला, आणि मैदानाच्या काळ्या रेघाही गेल्या, कारण कोळसाच राहिला नाही. बदलीवाले सगळ्यांत आधी घरी पाठवले. धावजी डोंगर चढून वर गेला तो गेलाच. पक्के होते ते टिकले. क्लबही टिकला, पण पगारी राहिला नाही. हौशी मंडळींत मिसळून गेला, आणि आता वैद्यांचा मुलगा गोलात उभा राहतो. तो चेंडू छातीने अडवतो आणि नंतर काढा घेतो.

हे सगळं माझ्या डोक्यात चाललेलं, आणि मास्तर बाहेर पान उलटतात. चहा घेऊन आलो तर त्यांच्या चेहऱ्यावर मुलाचा पेपर तपासतानाचा भाव. त्यांना एक कोष्टक छापायचं होतं. म्हणाले, सातांपैकी सहा सामने शून्य, आणि शेवटी एकच. काय हा गोली असेल. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मावशी, साहेब, पंच, म्हैस, सगळं. आणि म्हटलं, मास्तर, छापताना तिथे शून्य घाला. क्लबाच्या इतिहासात तरी त्या माणसाला न्याय होऊ दे.

मास्तरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग अगदी सहज विचारलं, "त्या गोलीचं यावर म्हणणं काय होतं?"

मी चष्मा पुसायला घेतला. धुक्याच्या दिवसांत चष्म्याचा हा एक उपयोग असतो.

काल वर गेलो. या वयात राजमाचीची वाट धरायची, तीही श्रावणात, म्हणजे ऐन उमेदीत मैदानात लोळणं नशिबी नव्हतं त्याची भरपाई. दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा बसूनच राहावंसं वाटलं. वाट पायाखाली दिसत होती तेवढीच. पुढे पांढरं, मागे पांढरं, मधून कुठूनतरी खाचरात तण बेणणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येई आणि बायका दिसत नसत. जुन्या सवयीने मी आवाजावरून अंतर मोजू लागलो. चार पावलांवर असतील असं ठरवून एकीला हाक मारली, तर उत्तर पाठीमागून आलं.

धावजी ओटीवर बसून खेकडे धरायची बांबूची खोइन विणत होता. केस पांढरे, हात तेच. मला पाहून उठला, घोंगडी झटकून टाकली, आत कोरा चहा टाकायला सांगितलं. माझ्या मागच्या बाजूचा चिखल पाहून एकदा हसला. मी दम खाऊन, वाटेभर जुळवत आणलेलं भाषण सुरू केलं. की धावजी, माझ्या हातून तुझं फार नुकसान झालं. लोक 'गेला' म्हणाले आणि मी 'गोल' लिहिला. तुझी नोकरी गेली. मी लय फिरलो, पण सुधारता आलं नाही. आता इतिहास छापतायत. तू नुसतं सांग, गोल झाला नाही म्हणून. मी शून्य करून घेतो.

त्याने खोइन बाजूला ठेवली. माझ्याकडे असं बघत राहिला की मला वाटलं, त्याला रडू येतंय.

"गोल झालता की," तो म्हणाला.

मी खिशातून काढलेली पेन्सिल परत खिशात घातली.

"वल्ला चेंडू, साबनावानी. दोन्ही हातांत आलता, न्हाई असं न्हाई. हातनं सुटला आन माज्या पायांमदनं मागं वड्यात. आमची मानसं ग्येला ग्येला वरडली ती म्हूनच वरडली. मी पंचाची वाट बगितली. पंच काय दिसंना, मारनारा गडीबी दिसंना. मंग गप नवा चेंडू घेतला आन दिला लाथाडून."

म्हणजे मध्यावर चेंडू आला नाही तो त्यामुळे.

"म्हनलं, कुनी बगितलं न्हाई, झाकलं," धावजी सांगत होता. "आन सोमवारी साहेबाच्या टेबलावर वही उघडी. मला अक्षर येत न्हाई, पर मालगाडीच्या वाघिनींवरचं आकडं वाचून वाचून आकडा येतो. एक लिवलेला. म्हनलं, ह्यो एकच मानूस हाय, ज्याला धुक्यातबी दिसतं. आन दिसलं ते लिवतो. तवापास्नं तुमच्याकडं मान वर करून बगायची लाज वाटायची. वर तुमी माजी उशिराची हजेरी येळंवर लावाया लागलात. म्हनलं, उघडं पाडलं खरं, पर परत सांबाळून घेतोय. मोटा मानूस."

चहा आला. गुळाचा, कोरा, इतका गरम की पितळी धरवेना. मी तशीच धरून बसलो. वीस वर्षं हा मनातल्या मनात माझ्यापुढे मान खाली घालून होता आणि मी याच्यापुढे. दोघांच्या मध्ये हजेरीची खिडकी होती, दीड हात लाकडाची.

"अरे, मग बोलला का नाहीस एवढी वर्षं?"

"तुमी समद्यास्नी इचारीत हिंडलात. मंजुळामावशीला इचारलं, पुन्याला ग्येलात, वराळ्याला म्हशीपतूर ग्येलात म्हनं. मला कुटं इचारलं?"

आतून त्याची बायको हसली. मी पितळी खाली ठेवली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की मग आता मास्तरांना काय सांगू, काय छापा म्हणू.

धावजीने खोइन पुन्हा मांडीवर घेतली. "हाय ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माजं नाव धनाजी लिवलंत. साल मागचं घातलंत. अकराचं बारा गडी केलंत. हजेरी तर समदी खोटी. तुमच्या सबंद लिवन्यात तेवढी एकच वळ खरी हाय, चिटनीस, आन नेमकी तीच पुसाया तुमी डोंगूर चढून आलात."